कालच्या संगीताची कालची वाद्ये

'तत्कालीन वाद्ये' ही संज्ञा पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या चर्चेत एका नेमक्या अर्थाने वापरली जाते. एखादी रचना ज्या काळात लिहिली गेली त्या काळच्या घडणीची, त्या काळच्या तारा आणि गज असलेली आणि त्या काळच्या स्वरपट्टीत लावलेली वाद्ये घेऊन ती रचना वाजवणे, असा तिचा आशय असून ही वाद्ये प्रत्यक्ष जुनी असोत किंवा जुन्या नमुन्यांबरहुकूम नव्याने घडवलेली असोत, दोन्हींना ती लागू पडते. या विचाराने मूळ धरले ते मोंतेवेर्दी, बाख, हेंडेल अशा दूरच्या काळातील संगीतकारांच्या निमित्ताने. निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी १९५३ मध्ये व्हिएन्नात 'कॉन्सेंटुस म्युझिकुस' हा संच उभारला, तेव्हा दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा नाद परत मिळवणे हे जवळजवळ उत्खननाचे काम होते, कारण तो नाद ऐकलेले कोणी जिवंत नव्हते आणि त्याची साक्ष ग्रंथांत, चित्रांत आणि संग्रहालयांतील मुक्या वाद्यांत तेवढी उरली होती. पुढे ही सीमा बेथोव्हेन, मेंडेल्सोन, शुमान, ब्राम्स अशी एकेक पिढी ओलांडत अलीकडे सरकत गेली आणि आता ती विसाव्या शतकात येऊन पोहोचली आहे. व्हायोलिनवादक इसाबेले फाउस्ट यांनी 'ले सिएक्ल' या फ्रेंच वाद्यवृंदाबरोबर, फ्राँस्वा-झाव्हिए रोत यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केलेला इगोर स्ट्राविन्स्की यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो हार्मोनिया मुंडी या कंपनीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच ध्वनिमुद्रिकेत स्ट्राविन्स्की यांच्या चेंबर रचनाही समाविष्ट केल्या. हा कॉन्चेर्टो १९३१ मधला आहे.

कॉन्चेर्टो म्हणजे एका प्रमुख वाद्यासाठी आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा तीन किंवा चार खंडांची रचना. चेंबर संगीत म्हणजे दिवाणखान्यात मावेल इतक्या वादकांचे, साधारणपणे दोन ते आठ-नऊ जणांचे संगीत, ज्यात प्रत्येक स्वरओळ एकच वादक वाजवतो आणि संचालकाची गरज नसते. १९३१ मध्ये रेडिओ होता, विद्युत् ध्वनिमुद्रण होते, छायाचित्रे होती, आणि त्या काळी वाद्यवृंदात बसलेले कित्येक वादक १९७० पर्यंत वाजवत राहिले; मग इतक्या जवळच्या काळासाठी 'तत्कालीन' वाद्यांची गरज काय, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर असे की जवळचा काळही हरवतो, आणि तो हरवल्याचे लक्षात येत नाही म्हणून अधिक पुरता हरवतो. शिवाय या काळाबाबत एक गोष्ट अशी आहे जी बाखच्या बाबतीत कधीही शक्य नव्हती: वाद्यांच्या जोडीला त्या काळच्या वादकांच्या ध्वनिमुद्रिकाही उपलब्ध आहेत. साक्षीदार दोन आहेत, आणि त्यांची साक्ष जुळत नाही. आधुनिक व्हायोलिन कॉन्चेर्टो तत्कालीन वाद्यांवर ध्वनिमुद्रित करण्याच्या उपक्रमाचे खरे मोल याच विसंगतीत आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

प्रथम वाद्याचा विचार करावा. व्हायोलिनची लाकडी काया १९३० नंतर फारशी बदललेली नाही. आजचे श्रेष्ठ वादक सतराव्या-अठराव्या शतकात इटलीत घडलेली व्हायोलिनेच वाजवतात, आणि त्या वाद्यांची मान व आतील आधारपट्टी एकोणिसाव्या शतकातच बदलून झाली होती. बदलल्या त्या तारा. व्हायोलिनच्या तारा शतकानुशतके मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या असत. मराठी वाचकाला ही वस्तू परकी नाही. सारंगीच्या मुख्य तारा अशाच असतात आणि आपल्याकडे तिला तात म्हणतात. सर्वांत खालच्या, म्हणजे 'जी' स्वराच्या तातीवर चांदीची किंवा तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असे, बाकीच्या साध्या असत. सर्वांत वरची, 'ई' स्वराची तात इतकी बारीक आणि इतकी ताणलेली असे की ती मैफलीत मध्येच तुटणे ही नित्याची बाब होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, आणि विशेषतः पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत चांगली तात मिळणे दुरापास्त झाल्यावर, या एका तारेच्या जागी पोलादी तार आली. ती तुटत नसे, स्वच्छ आणि भेदक वाजे, मात्र खुंटी किंचित फिरवली तरी स्वर एकदम चढे, म्हणून तिच्यासाठी व्हायोलिनच्या शेपटीपट्टीवर एक छोटा स्क्रू बसवावा लागला. जुन्या छायाचित्रात तो स्क्रू दिसला की वादकाने पोलादी 'ई' स्वीकारली होती हे ओळखता येते. अभ्यासकाला अशा बारीक खुणांवर बरेच काही उभे करावे लागते.

उरलेल्या तीन तारा मात्र तातीच्याच राहिल्या, आणि त्या पुष्कळ काळ राहिल्या. याशा हायफेट्झ यांच्यासारखा वादक, ज्याचे नाव आधुनिक व्हायोलिनवादनाशी समानार्थी मानले जाते, आयुष्यभर मधल्या दोन तारा साध्या तातीच्याच वापरत होता. व्हिएन्नात १९१९ मध्ये स्थापन झालेल्या थोमास्टिक-इन्फेल्ड या कंपनीने धातूच्या तारांचा प्रसार केला, पण तातीला खरा उतार पडला तो १९७० च्या सुमारास याच कंपनीने 'डॉमिनंट' या नावाने नायलॉनसदृश कृत्रिम धाग्याच्या गाभ्याच्या तारा आणल्यानंतर. त्या तारा हवामानाला दाद देत नाहीत, लवकर स्थिरावतात आणि मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतात. यावरून एक निष्कर्ष निघतो जो या विषयातील उत्साही मंडळींच्याही नजरेतून अनेकदा निसटतो. १९३० च्या दशकातील 'तत्कालीन' व्हायोलिन म्हणजे चारही तारा तातीच्या असलेले व्हायोलिन नाही. ते मिश्र वाद्य आहे: वर पोलाद, मध्ये तात, खाली धातू गुंडाळलेली तात. बाखसाठी योग्य ठरणारी साधी तातीची जुळणी बर्ग किंवा स्ट्राविन्स्की यांच्यासाठी आंधळेपणाने वापरली, तर ती तितकीच चुकीची ठरते जितकी आजची कृत्रिम तार.

तात आणि कृत्रिम तार यांतील फरक ऐकण्यासाठी आल्बान बर्ग यांच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची पहिली काही मापे पुरेशी आहेत. १९३५ च्या उन्हाळ्यात पूर्ण झालेली ही रचना मानोन ग्रोपियस या अठरा वर्षांच्या वयात वारलेल्या मुलीच्या स्मृतीला वाहिलेली आहे, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बर्ग यांचेही निधन झाल्याने त्यांना ती कधीही ऐकायला मिळाली नाही. आरंभी हार्प आणि क्लॅरिनेट हळुवारपणे एकामागून एक स्वर चढवत जातात, आणि दुसऱ्या मापात व्हायोलिन आत येते ते केवळ आपल्या चार मोकळ्या तारा छेडत: जी, डी, ए, ई, आणि पुन्हा खाली. या चार तारांतील प्रत्येक लगतच्या जोडीत षड्ज-पंचमाचे अंतर असते, आणि बर्ग यांनी ज्या बारा स्वरांच्या माळेवर संपूर्ण रचना विणली आहे त्या माळेत हेच चार स्वर आधारखांबांसारखे रोवलेले आहेत. मोकळ्या तारेवर बोट नसते, त्यामुळे वादकाला स्वर कंपित करता येत नाही, त्याला रंग देता येत नाही. गजाचा दाब आणि वेग एवढेच त्याच्या हाती उरते. ऐकू येते ती तार स्वतः. सर्व तारा एकाच कृत्रिम बनावटीच्या असल्या की ही चढण एकाच रंगाच्या चार पायऱ्यांची होते. मिश्र जुळणीवर मात्र तळाचा स्वर जड आणि किंचित खरखरीत येतो, मधले दोन स्वर मऊ आणि दबके येतात, कारण तातीच्या अंगच्या मऊपणामुळे वरचे उपस्वर लवकर विझतात, आणि शेवटच्या पायरीवर पोलादी तार एकदम उजळते. बर्ग यांनी हे हेतुपुरस्सर योजले होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या वाद्यासाठी त्यांनी हे लिहिले त्या वाद्यात ही उजळणी अंगभूत होती, आणि आजच्या एकजिनसी तारांनी ती पुसून टाकली आहे, एवढे निश्चित म्हणता येते. अशा ठिकाणी तत्कालीन वाद्य रचनेवर वाच्यार्थाने प्रकाश टाकते.

आता दुसरा साक्षीदार. योझेफ योआखिम, ज्यांच्यासाठी ब्राम्सने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला आणि ज्यांनी तो १ जानेवारी १८७९ रोजी लाइप्झिग येथे प्रथम वाजवला, त्यांनी १९०३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, बर्लिनमध्ये पाच तबकड्यांवर आपले वादन नोंदवून ठेवले. ते ग्रामोफोन अँड टाइपरायटर या ज्या कंपनीने नोंदवले, तिच्याच वतीने फ्रेडरिक गाइसबर्ग यांनी आदल्या वर्षी, १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले होते, आणि त्या भारतीय तबकड्याही छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरलाच जात असत. म्हणजे युरोपच्या जुन्या व्हायोलिनपरंपरेचा आणि भारतीय ख्याल-ठुमरीचा मुद्रित इतिहास एकाच यंत्रातून, जवळजवळ एकाच वेळी सुरू होतो. या यंत्राच्या मर्यादा मराठी रसिकाला सांगायला नकोत. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीसाठी ख्याल कसा आवळावा लागे आणि नाट्यपद कसे धावत म्हणावे लागे हे ज्यांनी जुन्या तबकड्या कान देऊन ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, आणि त्याच न्यायाने त्या काळच्या व्हायोलिनच्या तबकडीवरचा वेग हा त्या वादकाचा खरा वेग मानता येत नाही.

कॉन्चेर्टोच्या बाबतीत ही अडचण अधिकच मोठी होती. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने बसत आणि हवेच्या कंपनांच्या बळावर सुई मेणात कोरत जाई. व्हायोलिनचा आवाज या कर्ण्याला अपुरा पडे म्हणून लाकडी पेटीऐवजी धातूचा पडदा आणि भोंगा लावलेले 'स्ट्रो व्हायोलिन' वापरावे लागे. एडवर्ड एल्गार यांनी आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो १९१६ मध्ये मेरी हॉल यांच्यासह मुद्रित केला तो या पद्धतीने, आणि तोही बराच काटछाट करून. तोच कॉन्चेर्टो त्यांनी १९३२ मध्ये लंडनच्या अॅबे रोड येथे सोळा वर्षांच्या येहुदी मेन्यूहिन यांच्यासह विद्युत् पद्धतीने पूर्ण मुद्रित केला. या दोन ध्वनिमुद्रणांत सोळा वर्षांचेच अंतर आहे, पण साक्षीदार म्हणून त्यांची योग्यता अगदी भिन्न आहे. पहिले एक ओझरते दर्शन आहे, दुसरे संगीतकाराच्या उपस्थितीतले, जवळजवळ कागदपत्रासारखे प्रमाण आहे.

असेच एक प्रमाण बर्ग यांच्या कॉन्चेर्टोचे आहे, आणि ते टिकले हीच नवलाची गोष्ट म्हटली पाहिजे. लुई क्रास्नर यांनी ही रचना लिहवून घेतली होती आणि १९ एप्रिल १९३६ रोजी बार्सेलोना येथे तिचा पहिला प्रयोग त्यांनीच केला. संचालन बर्ग यांचे मित्र आंतोन वेबर्न करणार होते, परंतु तालमींत ते पहिल्या काही मापांपलीकडे फारसे पोहोचूच शकले नाहीत. मित्राच्या अखेरच्या रचनेतील एकही स्वर अपुरा राहू नये या ध्यासाने ते इतके अडकले की अखेर हेरमान शेर्खेन यांना ऐनवेळी उभे राहावे लागले. पुढे बाराच दिवसांनी, १ मे १९३६ रोजी, लंडनमध्ये बीबीसीच्या वाद्यवृंदासह वेबर्न यांनी ती रचना संचालित केली, आणि त्या प्रयोगाच्या खासगीरीत्या कापून घेतलेल्या तबकड्या क्रास्नर यांनी अनेक दशके जपून ठेवल्या. त्या आज ऐकता येतात. त्यांत तबकडीची खरखर आहे, वाद्यवृंदाचा तळ धूसर आहे, पण वेबर्न यांची संथ, प्रत्येक वळणावर श्वास घेणारी लय आणि क्रास्नर यांचा एका स्वराकडून दुसऱ्या स्वराकडे सरकत जाणारा हात स्पष्ट ऐकू येतो. ज्या संगीताला नंतरच्या पिढीने गणिती, कोरडे, कठोर ठरवले त्याच संगीताचा एक प्रवर्तक ते असे, अश्रूंनी भिजल्यासारखे वाजवून घेत होता. शोनबर्ग यांच्या चार चौकड्यांचे, म्हणजे दोन व्हायोलिने, व्हियोला आणि चेलो यांच्यासाठीच्या रचनांचे, कोलिश क्वार्टेटने १९३६-३७ मध्ये हॉलिवूडमध्ये संगीतकाराच्याच देखरेखीखाली केलेले ध्वनिमुद्रणही याच तोलामोलाचे आहे. रुडॉल्फ कोलिश यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लहानपणी इजा झाल्याने ते व्हायोलिन उजव्या हाती आणि गज डाव्या हाती धरत, आणि अशा उलट्या हाताने विसाव्या शतकातील कठीणातले कठीण चेंबर संगीत त्यांनी जगापुढे आणले.

या दुसऱ्या साक्षीत दोन गोष्टी वारंवार ऐकू येतात. एक म्हणजे दोन स्वरांमधील सरकणे, ज्याला पाश्चात्त्य परिभाषेत पोर्तामेंतो म्हणतात. मराठी कानाला ते मींड किंवा घसीट यांच्या जवळचे वाटेल, जरी हेतू वेगळा आहे. मींड रागाच्या व्याकरणाचा भाग आहे, तर पोर्तामेंतो हा वाक्याच्या उच्चाराचा, लाडिकपणाचा किंवा उसाशाचा भाग आहे. दुसरी गोष्ट व्हायब्रेटो, म्हणजे तारेवर टेकलेले बोट हलवत ठेवून स्वर कंपित करणे. आज हा कंप अखंड असतो. एकही स्वर त्याच्याविना सोडला जात नाही. एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या वादकांत तसे नव्हते. योआखिम आणि त्यांचे सहकारी आन्द्रेयास मोझर यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षणग्रंथात कंप आवश्यक तेथेच वापरण्याची सूचना आहे, आणि हायफेट्झ यांचे गुरू लिओपोल्ड आवर यांनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात अखंड कंपाबद्दल स्पष्ट नापसंती नोंदवली. व्हिएन्ना ऑपेराच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व १८८१ पासून १९३८ पर्यंत करणारे आर्नोल्ड रोझे यांचा स्वर तर जवळजवळ निष्कंप आहे. शोनबर्ग यांच्या पहिल्या दोन चौकड्या प्रथम वाजवणारे तेच होते. त्यांनी आपली कन्या आल्मा हिच्यासह १९२० च्या दशकाअखेर मुद्रित केलेला बाखचा दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो ऐकताना दोन स्वच्छ रेषा एकमेकींभोवती फिरताना ऐकू येतात. नाझी राजवटीने रोझे यांना उतारवयात देशोधडीला लावले आणि आल्मा रोझे १९४४ मध्ये आउश्वित्झ येथे मरण पावल्या. एक वादनशैली नामशेष होण्याची कारणे केवळ तारांच्या बाजारात शोधायची नसतात, हे येथे नोंदवणे भाग आहे.

आजचे तत्कालीन वाद्यांचे वादक या दोन गोष्टींपैकी एक उचलतात आणि दुसरी बहुधा बाजूला ठेवतात. निष्कंप स्वर त्यांनी आनंदाने स्वीकारला, कारण तो आजच्या अभिरुचीला स्वच्छ, प्रामाणिक, आधुनिक वाटतो. पोर्तामेंतो मात्र भडक आणि जुनाट वाटतो, म्हणून तो चिमटीने घेतला जातो किंवा टाळला जातो. रॉबर्ट फिलिप यांनी १९९२ मध्ये जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या काळी सरकणे हा काही एखाद्या वादकाचा लहरी दागिना नव्हता; संपूर्ण वाद्यवृंदाच्या व्हायोलिनरांगा तसे वाजवत. तारा जुन्या आणि हात नवा, अशी ही स्थिती आहे. याचा दोष देण्याचे कारण नाही, कारण तार बाजारातून आणता येते आणि हात घडायला पिढी जावी लागते, पण ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर 'तत्कालीन' हा शब्द छापताना त्याची व्याप्ती प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे.

इतिहासकार रिचर्ड तारुस्किन यांनी या बाबतीत जी मांडणी केली ती अद्याप खोडली गेलेली नाही. जुन्या संगीताचे तथाकथित ऐतिहासिक वादन, आपल्या ताठ लयीमुळे आणि भावनावशतेच्या तिटकाऱ्यामुळे, वस्तुतः विसाव्या शतकाचेच अपत्य आहे, आणि त्याचे सौंदर्यशास्त्र बाखपेक्षा स्ट्राविन्स्की यांच्याकडून आले आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. वादकाने आशयाचे स्पष्टीकरण करू नये, लिहिलेले पार पाडावे, हा स्ट्राविन्स्की यांचा आग्रह प्रसिद्धच आहे. अशा स्थितीत खुद्द स्ट्राविन्स्की यांचा कॉन्चेर्टो तत्कालीन वाद्यांवर वाजवला जातो तेव्हा हे वर्तुळ आपल्या उगमाशी येऊन मिळते, आणि म्हणूनच फाउस्ट आणि ले सिएक्ल यांचा उपक्रम बाखच्या नव्या ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक कुतूहलाचा आहे.

या रचनेचा जन्म सॅम्युएल दुश्किन या वादकाच्या सहकार्यातून झाला. पॅरिसमध्ये जेवताना स्ट्राविन्स्की यांनी कागदावर तीन स्वरांचा एक संघात लिहून हा वाजवता येईल का असे विचारले. स्वर एकमेकांपासून इतके दूर होते की दुश्किन यांनी नाही म्हटले, घरी जाऊन वाद्यावर बोटे ठेवून पाहिली तेव्हा ते सोपे निघाले, आणि त्यांनी लगेच तसे कळवले. हा संघात पुढे चारही खंडांच्या दारात उभा राहिला, आणि स्ट्राविन्स्की त्याला या कॉन्चेर्टोचे पारपत्र म्हणत. त्याचा तळचा स्वर मोकळ्या 'डी' तारेवर मिळतो आणि माथा 'ई' तारेच्या उंच टोकाला असतो. त्यामुळे तात आणि पोलाद एकाच गजाच्या फटक्यात ऐकू येतात. रचनेत पारंपरिक कॉन्चेर्टोप्रमाणे एकट्या वादकाने आपले कौशल्य दाखवण्याची मोकळी जागा मुळीच नाही. उलट अखेरच्या खंडात वाद्यवृंदातील प्रमुख व्हायोलिनवादक उठून मुख्य वादकाशी जुगलबंदी करतो, आणि एकूण पोत चेंबर संगीताचाच आहे असे स्वतः संगीतकाराचे म्हणणे होते. बासून, क्लॅरिनेट, ट्रंपेट यांच्याशी व्हायोलिनचे संभाषण चालते. आजच्या रुंद नळ्यांच्या पितळी वाद्यांपुढे व्हायोलिनला ओरडावे लागते; जुन्या अरुंद नळ्यांच्या वाद्यांपुढे ते बोलू शकते. तत्कालीन वाद्यांचा सर्वांत निर्विवाद लाभ हा आहे: संगीतकाराने कागदावर केलेला तोल, कोणालाही आवाज दाबायला न सांगता, आपोआप जमतो.

परंतु येथे काळाबरोबर स्थळाचाही प्रश्न उभा राहतो. कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग २३ ऑक्टोबर १९३१ रोजी बर्लिनमध्ये, तेथील रेडिओ वाद्यवृंदासह, स्ट्राविन्स्की यांच्या संचालनाखाली झाला. पहिले ध्वनिमुद्रण मात्र १९३५ मध्ये पॅरिसला लामुरो वाद्यवृंदासह झाले. त्या काळी या दोन शहरांची सुषिर वाद्ये वेगळी होती. बासून हे सनईप्रमाणे दुहेरी पत्तीचे, पण खर्जाचे वाद्य. त्याची जर्मन घडण गोल आणि भरीव आवाजाची, तर फ्रेंच घडण अधिक नासिक्य, सडसडीत आणि वरच्या स्वरांत गाणारी असते, आणि फ्रान्सबाहेर ती आता क्वचितच ऐकू येते. मग १९३१ चे तत्कालीन वाद्य बर्लिनचे मानावे की पॅरिसचे? प्रस्तुत विवेचनाचा कल पॅरिसकडे आहे. स्ट्राविन्स्की यांचे त्या वर्षांतील वास्तव्य फ्रान्समध्ये होते, त्यांच्या कानात तेथील वाद्यांचा नाद बसलेला होता, आणि पहिल्या प्रयोगाचे शहर हा पुष्कळदा निमंत्रणाचा योगायोग असतो. तरीही हा निवाडा आहे, पुरावा नव्हे. याच कॉन्चेर्टोचे संगीतकाराने १९६१ मध्ये आयझॅक स्टर्न यांच्यासह अमेरिकेत पुन्हा ध्वनिमुद्रण केले. म्हणजे रचनाकाराच्या हातची दोन प्रमाणे, दोन खंडांतली, सव्वीस वर्षांच्या अंतराची. त्यांपैकी कोणते अधिक प्रमाण, याचे उत्तर संगीतकाराने दिलेले नाही.

दुश्किन यांचेच नाव आणखी एका वाद्याच्या संदर्भात येते आणि तेथे 'तत्कालीन' या शब्दाला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. मोरिस रावेल यांनी १९२४ मध्ये योआखिम यांची नात्याने नातपुतणी लागणाऱ्या येली दारान्यी यांच्यासाठी 'त्सिगान' ही व्हायोलिनची रचना लिहिली, आणि तिच्या साथीसाठी साध्या पियानोचा पर्याय ठेवूनही त्यांच्या मनात 'ल्युतेआल' होता. पियानोच्या तारांवर बसवायची ही एक यंत्रणा. खटके ओढले की कधी हार्पसारखा, कधी सिम्बालोमसारखा, म्हणजे आपल्या संतूरप्रमाणे काठ्यांनी वाजवायच्या हंगेरियन वाद्यासारखा आवाज येई. जॉर्ज क्लुटेन्स या बेल्जियन कारागिराने ती घडवली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसमध्ये दुश्किन यांनी ल्युतेआलच्या साथीने त्सिगान वाजवली. यंत्रणा नाजूक होती, लवकरच मागे पडली, आणि रचना पियानोवर किंवा वाद्यवृंदासह जगत राहिली. ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयातील ल्युतेआल पुढे दुरुस्त झाला आणि त्यानंतर ही रचना पुन्हा मूळ रंगात मुद्रित होऊ लागली. व्हायोलिनच्या दीर्घ एकल आरंभानंतर साथ आत येते त्या क्षणी पियानोवर केवळ जलद स्वरांची सर ऐकू येते. ल्युतेआलवर तीच सर धातूच्या कणांसारखी चमकते आणि संपूर्ण रचना कोणत्या जिप्सी वाद्यमेळाचे चित्र रेखाटत होती ते एकदम उमगते. बाखच्या काळातील हार्प्सिकॉर्ड हजारोंनी पुन्हा घडले, पण १९२४ चे हे वाद्य बोटांवर मोजण्याइतकेच उरले. जवळचा काळ अधिक पुरता हरवतो असे जे आरंभी म्हटले त्याचा यापेक्षा ठळक दाखला नाही.

ध्वनिमुद्रणाच्या दालनात या वाद्यांचा व्यवहार सोपा नसतो. तात हवेतील ओलावा शोषते, फुगते आणि स्वर बदलते. पावसाळ्यात सारंगी बाळगणाऱ्या घरांना हा त्रास परिचित आहे. दिव्यांच्या उष्णतेने, वादकाच्या बोटांच्या घामाने, दोन तासांच्या कामानंतर ती उतरते किंवा चढते, आणि आजचे ध्वनिमुद्रण अनेक तुकडे जोडून तयार होत असल्याने सकाळचा तुकडा संध्याकाळच्या तुकड्याशी स्वराने जुळेल याची खात्री नसते. दर थोड्या वेळाने थांबून वाद्ये लावणे हा कामाचा भागच होऊन बसतो. दुसऱ्या बाजूने पाहता, मायक्रोफोन तातीचा मित्र आहे. दोन-तीन हजार श्रोत्यांच्या सभागृहात तातीच्या व्हायोलिनचा सर्वांत मंद स्वर मागच्या रांगेपर्यंत पोहोचेलच असे नाही; दालनात तो गजाच्या केसांचा तारेला होणारा पहिला स्पर्श, त्याची किंचित खर, यांसह टिपला जातो. म्हणून तत्कालीन वाद्यांवरचा आधुनिक कॉन्चेर्टो हा बऱ्याच अंशी ध्वनिमुद्रिकेसाठीच शक्य झालेला प्रकार आहे, आणि प्रत्यक्ष मैफलीत तो ऐकणाऱ्याला मुद्रिकेतला तोल सापडला नाही तर त्याने वादकाला दोष देऊ नये.

बर्ग यांच्या कॉन्चेर्टोच्या अखेरीस बाखच्या एका कोरालचे, म्हणजे समूहाने म्हणायच्या धर्मगीताचे, सूर येतात, क्लॅरिनेट त्यांना ऑर्गनसारखे उत्तर देतात, आणि सर्वांत शेवटी वाद्यवृंदातून आरंभीची तीच मोकळ्या तारांची षड्ज-पंचमांची चढण पुन्हा वर येते. तेव्हा मुख्य व्हायोलिन त्या चढणीत सामील होत नाही. ते सर्वांत वरच्या, पोलादी तारेवर, अतिशय उंच असा एकच 'जी' स्वर धरून राहते, आणि वाद्यवृंदातील तातींचे मऊ स्वर त्याच्या खालून एकेक करून विरत जातात.